बिघाड सांध्यात असतो

निन्टेन्डो कंपनीचा हातात धरून खेळायचा जुना गेमबॉय चालू केला आणि पडद्यावर वरून एक काळा ठोकळा सावकाश उतरून मधोमध थांबला, की नवशिक्याच्या पोटात गोळा येतो. खरं तर ती चांगली बातमी असते. ठोकळा उतरला म्हणजे सेल ठीक आहेत, स्विच ठीक आहे, पडदा ठीक आहे आणि आतला मेंदूही शुद्धीवर आहे. गेमबॉय सुरू होताना पोटातला २५६ बाइटांचा एक चिमुकला प्रोग्रॅम चालवतो. हा प्रोग्रॅम खेळाच्या कार्ट्रिजमधून ४८ बाइट उचलतो. निन्टेन्डोचं नाव तेवढ्यात चित्ररूपाने साठवलेलं असतं. पडद्यावर उतरतं ते हेच चित्र. मग यंत्र ते स्वतःजवळच्या नोंदीशी ताडून बघतं आणि जुळलं नाही तर जागीच थांबतं. परवाना न घेता कार्ट्रिज काढणाऱ्यांना अडवायची ही युक्ती होती. आज दुरुस्ती करणाऱ्याला तिचा वेगळाच उपयोग होतो. नावाऐवजी भरीव काळा ठोकळा दिसला तर कार्ट्रिज अजिबात वाचलं जात नाहीये. अक्षरं फुटकीतुटकी दिसली तर वाचलं जातंय, पण एखाद-दुसऱ्या पिनेवर मळ बसलाय.

म्हणजे बिघाड यंत्रात नाही आणि कार्ट्रिजमध्येही नाही. दोघं जिथे भेटतात तिथे आहे. हातात धरायच्या जुन्या गेमांची दुरुस्ती शिकताना हे इतक्या वेळा समोर येतं की शेवटी तोच पहिला संशय होऊन बसतो. चिप सहसा मरत नाही. सेल आणि स्प्रिंग, काच आणि रिबन, बटण आणि बोर्ड, वायर आणि डाख, अशा कुठल्यातरी सांध्यात काहीतरी सुटलेलं, गंजलेलं किंवा चिकटलेलं असतं. नवशिक्यासाठी ही यंत्रं चांगली का, याचंही उत्तर त्यातच आहे. त्यांचे सांधे मोठे आहेत, डोळ्यांना दिसतात आणि बोटांना लागतात. आजच्या मोबाइलमध्ये यातलं काही उरलेलं नाही.

हे सगळं मी शिकतोय फ्रीगंजात. रेल्वेच्या रुळांनी उज्जैनचे दोन भाग केलेत. पलीकडे महाकाळ, बायजाबाई शिंद्यांचं गोपाळमंदिर, पटनी बाजार आणि अरुंद गल्ल्या. अलीकडे फ्रीगंज, सरळ रस्त्यांचं, मधोमध टॉवर असलेलं. कागदोपत्री हे माधवनगर, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नावाचं. वस्ती वाढावी म्हणून जागा फुकट दिल्या, म्हणून फ्रीगंज, असं इथे कुणालाही विचारा, सांगेल. संस्थानच्या नोकरीत आलेल्या मराठी घरांच्या पुढच्या पिढ्या अजून इथे नांदतायत. आमचं घर त्यांतलंच.

टॉवरच्या आसपास मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांना तोटा नाही. त्यांचं मुख्य काम फोल्डर बदलण्याचं. काच, टच आणि डिस्प्ले असं जे एकत्र जुडगं येतं, त्याला धंद्यात फोल्डर म्हणतात. जुना काढायचा, नवा चिकटवायचा, बिल करायचं. यात कमीपणा काही नाही; गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि त्याला अर्ध्या तासात फोन हवा असतो. पण मेळ्यात घेतलेला पंचवीस वर्षांपूर्वीचा ब्रिक गेम घेऊन गेलात तर काउंटरवरचा मुलगा तो उलटसुलट करून बघतो, हसतो आणि परत देतो. "भैया, इसका पार्ट नहीं आता." पार्ट येत नाही हे खरंच आहे. पण बहुतेक वेळा पार्ट लागतच नाही, हे सांगायला त्याला सवड नसते आणि ऐकायला आपल्याला धीर नसतो.

मी ज्यांच्याकडे जाऊन बसतो ते काका टीव्हीवाले. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला, तेव्हा ते आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा ट्रेड करून नुकतेच बाहेर पडले होते. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले तसं दुकानही गेलं. आता घराच्या ओसरीवर एक टेबल, एक दिवा आणि ओळखीच्या लोकांचे मिक्सर-इस्त्र्या. गेमबॉय त्यांनी माझ्याच हातात पहिल्यांदा पाहिला. पण त्यांची चौकशी टीव्हीच्या काळातली आहे, आणि ती इथेही तशीच लागू पडते.

"काय होतंय?"

"चालत नाही, काका."

"चालत नाही हे तर मलाही दिसून राहिलंय. लाइट लागतो का? स्पीकरमध्ये टक् होतं का? सेल गरम होतात का?"

सेल गरम होत असतील तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि ते आधी बाहेर काढायचे. टक् होत असेल तर वीज आतपर्यंत पोचतेय. काहीच होत नसेल तर बाजारातून नवे सेल आणायचे, रिमोटमधले काढून नाही. रिमोटला इतकी कमी वीज लागते की मरायला टेकलेल्या सेलवरही तो महिनोन् महिने चालतो. तेच सेल गेमला लावले की व्होल्टेज बसतं आणि आपण निरोगी यंत्राचे स्क्रू खोलत बसतो.

आमच्या पिढीतल्या उज्जैनच्या मुलांच्या हाती गेमबॉय नव्हता, हे सांगायला हवं. आयातीवर निर्बंध होते. ग्राहकोपयोगी मालावरचे शेवटचे संख्यात्मक निर्बंध उठले ते १ एप्रिल २००१ ला. तोवर असल्या वस्तू कुणाच्या तरी बॅगेतून येत, अमेरिकेहून, मस्कतहून, सिंगापूरहून. नाहीतर मुंबईच्या हिरापन्नातून किंवा दिल्लीच्या पालिका बाजारातून. बाकी सगळ्यांसाठी होता ब्रिक गेम. दिवाळीनंतर क्षिप्रेच्या काठी कार्तिक मेळा भरतो. तिथे प्लॅस्टिकच्या बंदुका आणि फुग्यांच्या शेजारी तो टांगलेला असे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, ९९९९ गेम. प्रत्यक्षात मूठभर खेळ. वेग आणि लेव्हलच्या जोड्या गुणून आकडा फुगवलेला. मुख्य खेळ अर्थातच टेट्रिस, अलेक्सेई पाझितनोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात रचलेला. ब्रिक गेम बनवणाऱ्या चिनी कारखान्यांनी त्यांना काही विचारलं असेल, असं वाटत नाही.

माझ्या मते नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. गेमबॉय बिघडवला तर जीव हळहळतो. ब्रिक गेम बिघडला तर तो आधीच बिघडलेला होता. शिवाय तो घरातच सापडतो. दिवाळीच्या साफसफाईत आत्याच्या माळ्यावरून असाच एक खाली आला. "अरे, हा तर मेळ्यातला! फेकू नकोस, याच्यासाठी तू दोन दिवस जेवला नव्हतास," आत्या म्हणाली. सेल आतच राहिले होते आणि त्यांना पाणी सुटून ते स्प्रिंगला चिकटले होते.

सेलचं पाणी दोन तऱ्हेचं असतं आणि उपाय एकमेकांच्या उलट आहेत. आपल्याकडचे साधे स्वस्त पेन्सिल सेल हे जस्त-कार्बनचे. त्यांचं जस्ताचं भांडं हाच ऋण ध्रुव. सेल वापरला जातो तसं भांडंच आतून खाल्लं जातं, पातळ होतं आणि शेवटी फुटतं. बाहेर येणारा चिकटा आम्लाच्या बाजूचा असतो. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारायचा. अल्कलाइन सेलमधून येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे क्षार. हवेत त्याची पांढरी, भुसभुशीत पूड होते. ती व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने मारायची. लिंबू हाताशी असतं म्हणून लोक ते दोन्हीला लावतात आणि जस्त-कार्बनच्या आम्लावर आणखी आम्ल ओततात. कापसाची काडी जेमतेम ओली हवी, गळती नको. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचं. हे मोबाइल पार्टच्या दुकानांत मिळतं. आमच्याकडे नसलं तर इंदूरच्या जेल रोडला नक्की. करोनाच्या दिवसांतलं उरलेलं सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. थिनरने तर प्लॅस्टिकचा पडदा कायमचा धुरकट होतो.

आत्याच्या गेमचे स्प्रिंग साफ झाले, नवे सेल घातले, तरी काही नाही. काकांनी पिवळा स्वस्त मीटर २० व्होल्टवर लावला. दोन सेलांचे तीन व्होल्ट स्प्रिंगवर पूर्ण दिसले. मग काळी पिन तिथेच ठेवून लाल पिन बोर्डावर, जिथे लाल वायर डाखलेली होती तिथे टेकवली. शून्य. मध्ये फक्त चार बोटं वायर होती, बाहेरून धडधाकट. काकांनी ती कापली आणि टोकाचं रबर सोललं. आतलं तांबं काळंठिक्कर. आणखी थोडं सोललं, तिथेही काळं. सेलचं पाणी वायरच्या रबराखालून, तांब्याच्या तारांमधून चढत चढत बोर्डापर्यंत गेलं होतं. काळ्या पडलेल्या तांब्याला डाख धरत नाही. कथील त्याच्यावरून गोळी होऊन घरंगळतं. म्हणून ती वायर पूर्ण काढून टाकली आणि जुन्या चार्जरची वायर घेतली. दोन्ही टोकांवर आधी कथील चढवलं, मग २५ वॅटच्या सोल्डरिंगने दोन टाके मारले. टाका चमकदार आणि उतरत्या कडेचा यायला हवा; निस्तेज, फुगीर गोळा झाला तर तो ड्राय सोल्डर, आज चालेल आणि उद्या सुटेल. माझा असा टाका काकांनी मला माझ्याच हाताने वितळवून पुन्हा करायला लावला.

गेम टीं टीं करत चालू झाला, पण अर्धा पडदा रिकामा. ब्रिक गेमची काच बोर्डाला डाखलेली नसते. मध्ये रबराची एक बारीक पट्टी असते, तिच्यात विजेचा वाहक आणि रबर यांचे केसाएवढे थर आलटून पालटून बसवलेले. धंद्यात तिला झेब्रा म्हणतात. वरून स्क्रूने दाबली की शेकडो बारीक तारा एकाच वेळी जोडल्या जातात. माळ्यावरच्या वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिक किंचित वाकलं होतं, स्क्रू ढिले पडले होते, धूळ शिरली होती. पट्टी अल्कोहोलने पुसली, बोर्डाच्या पट्ट्या पुसल्या, स्क्रू एकाआड एक करत थोडे थोडे आवळले. दहा बाय वीस चौकोनांची ती जुनी जाळी सगळी हजर झाली. बटणांच्या रबराखाली काळ्या कार्बनच्या टिकल्या असतात. त्यांच्यावरचा लहानपणीचा घाम आणि गोळ्यांचा चिकटा तेवढा पुसायचा. खरवडायचं नाही, कारण टिकली गेली की बटण गेलं.

या बोर्डाच्या मधोमध एक काळा, गोल, कडक थेंब असतो. चिप थेट बोर्डावर चिकटवून तिच्यावर इपॉक्सीचा हा थेंब टाकलेला असतो; पाय नाहीत, नंबर नाही, काढता येत नाही. सगळे सांधे ठीक असूनही गेम मुका राहिला तर दोष या थेंबाखाली आहे, आणि तिथे काका हात जोडतात. दुरुस्तीची हद्द इतकी स्पष्ट दाखवणारं दुसरं यंत्र मी पाहिलेलं नाही.

गेमबॉयचा जन्मही देखभालीच्या कामातून झाला, असं म्हणायला वाव आहे. गुनपेई योकोई १९६५ साली क्योतोच्या निन्टेन्डोत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची निगा राखायला. निन्टेन्डो तेव्हा पत्त्यांची कंपनी होती. पुढे एकदा बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढताना त्यांना दिसला, आणि त्यातून १९८० साली गेम अँड वॉच आला: खिशातला खेळ, वर घड्याळ. त्यासाठी लागणारी एलसीडी कॅल्क्युलेटरच्या चढाओढीमुळे मातीमोल झालेली होती. योकोईंचं सूत्रच ते होतं. नव्याच्या मागे धावायचं नाही. जे मुरलंय, स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना माहीत झाल्यात, ते घ्यायचं आणि नव्या जागी लावायचं. २१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये आलेला गेमबॉय याच वळणाचा: १६० बाय १४४ ठिपक्यांचा हिरवट पडदा, चार छटा, मागून प्रकाश नाही, चार पेन्सिल सेल. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स रंगीत पडदा घेऊन आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गियर. दोन्ही दिसायला कितीतरी देखणे. गेमबॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर विकले गेले; बाकीचे दोघे त्याच्या आसपासही पोचले नाहीत. योकोई १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले.

आज टेबलावर ही दोन घराणी शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. गेम गियरला सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत, हे तेव्हाचं दुखणं. आताचं दुखणं आत आहे. त्याच्या बोर्डांवरचे बारीक कपॅसिटर पाझरतात आणि त्यांतला द्राव ताम्रपट्ट्या खातो. पडदा फिका होतो, आवाज आधी बारीक होतो आणि मग जातो. सोल्डरिंग टेकवलं की मासळीसारखा वास येतो. तो आला की निदान पक्कं. सगळे कपॅसिटर बदलणं हाच इलाज, आणि तो नवशिक्याने पहिल्या वर्षात करू नये असं मला वाटतं. शिवाय जुन्या गेम गियरच्या पडद्यामागे फ्लोरोसेंट नळी असते आणि तिला लागणारं उच्च व्होल्टेज सहा सेलांतूनच तयार होतं. ते बोटाला चांगलं जाणवतं. गेमबॉयच्या मागे प्रकाशच नाही, त्यामुळे जळायलाही काही नाही. आखाती युद्धात एका अमेरिकन सैनिकाचा गेमबॉय बराकीला लागलेल्या आगीत सापडला. पुढचं प्लॅस्टिक वितळून विद्रूप झालं, पण आत टेट्रिस चालत राहिलं. न्यूयॉर्कच्या निन्टेन्डोच्या दुकानात तो कित्येक वर्षं चालू स्थितीत मांडून ठेवलेला होता.

गेमबॉयचा खास आजार म्हणजे रेघा. पडद्यावर उभ्या रेघा गायब होतात; आधी एक, मग शेजारच्या. टेट्रिसचा ठोकळा त्या पट्ट्यात शिरला की दिसेनासा होतो. माझ्याकडे आला तो गेमबॉय असाच, मावसबहिणीचा. १९९९ च्या उन्हाळ्यात ती न्यू जर्सीहून आली होती आणि तो इथेच ठेवून गेली, रेघा गेल्या म्हणून. पडद्याच्या १६० उभ्या ओळींना वीज येते ती काचेच्या खालच्या कडेला चिकटवलेल्या पातळ रिबनमधून; ही रिबन डाखलेली नसून उष्णतेने वाहक गोंदावर बसवलेली असते. गोंद वाळतो, रिबन केसभर उचलली जाते, आणि तेवढ्या ओळींचा सांधा तुटतो. आडव्या रेघा गेल्या असतील तर दोष बाजूच्या रिबनचा, आणि तो जास्त अवघड.

उपाय ऐकायला राक्षसी वाटतो. तीन पाकळ्यांच्या पेचकसाने मागचे स्क्रू काढायचे. हा पेचकस मोबाइलच्या किटमध्ये असतो. साध्या चपट्या पेचकसाने प्रयत्न केलात तर स्क्रूचं डोकं जातं. दोन अर्ध्या भागांना जोडणारी रिबन जपून सोडवायची, पडदा असलेला बोर्ड मोकळा करायचा, काचेच्या खालच्या कडेवरची रबराची पट्टी बाजूला घ्यायची. मग रिबन जिथे काचेला चिकटते त्या कडेवर उष्णता सोसणारी टेप ठेवायची आणि सोल्डरिंगचं टोक तिच्यावरून सावकाश, न थांबता सरकवायचं. बरेच जण हे यंत्र चालू ठेवूनच करतात, आम्हीही केलं. टोक पुढे सरकतं तशा मेलेल्या रेघा एकेक करून परत येतात. एखादी येते, टोक उचललं की जाते, पुन्हा फिरवल्यावर टिकते. काका चष्मा कपाळावर ढकलून वाकून बघत होते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत रेघ गेली तर त्यांना सर्किटभर फिरावं लागे. इथे रेघ आणि तिचं कारण एकमेकांपासून बोटभर अंतरावर. "हे तर बढिया आहे," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मोठं प्रशस्तिपत्र.

आता अशा पडद्याऐवजी मागून प्रकाश देणारा नवा रंगीत पडदा चीनहून मागवून बसवता येतो, आणि अनेक हौशी लोक तेच करतात. रात्री खेळायला तो नक्कीच बरा. पण त्यात पुन्हा फोल्डर बदलण्याचाच प्रकार झाला. शिकायचं असेल तर आधी जुनी रेघ परत आणून बघावी.

बाकीचे आजार चटकन सांगता येतील. सेल भरलेले असून लाल दिवा मंद लागत असेल किंवा यंत्र धक्क्याने बंद-चालू होत असेल तर स्विचच्या आत काळं बसलंय. सेल काढून अल्कोहोलचे दोन थेंब सोडायचे आणि स्विच पुन्हा पुन्हा पुढेमागे करायचा. कार्ट्रिजच्या पिना अल्कोहोलने पुसायच्या. तोंडाने फुंकर मारायची जगभरच्या मुलांची सवय वाईट, कारण फुंकरीबरोबर ओल जाते आणि पिना हळूहळू गंजतात. मुळात फुंकरीने नाही, पुन्हा घट्ट बसवल्याने खेळ चालू व्हायचा. नंतरच्या पिढीचे पीएसपी आणि डीएस आले तर आधी बॅटरी बघा. लिथियमची बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका, बाहेर काढा आणि ई-कचऱ्यात द्या. या कामात शिशाचं कथील हाताळलं जातं, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी आणि चहाच्या आधी हात धुवावेत. काका हे कधी करत नाहीत.

जुनं यंत्र पुन्हा कामाला लावायची उज्जैनला सवय आहे, असं मी गमतीने म्हणतो. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात इथे बांधलेली वेधशाळा पडीक झाली होती. ती १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. आजही तिथल्या सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ सांगून दाखवतात. तिथे सेलची भानगड नाही, हा फायदा मोठा.

सरकारनेही अलीकडे या विषयात लक्ष घातलंय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनाला, २४ डिसेंबरला, त्याचं पोर्टल सुरू झालं, या क्षेत्रांसाठी: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती द्यावी, हा रोख. चांगलंच आहे. पण ओसरीवर बसलं की दिसतं की हक्काच्या आधी वेळेचा हिशेब येतो. आत्याच्या ब्रिक गेमवर काकांची अख्खी दुपार गेली. त्याची मजुरी सांगितली असती तर आत्याने नवे दोन गेम घेतले असते. म्हणून हे काम दुकानात होत नाही, होणार नाही. त्याबद्दल दुकानदारांना बोल लावण्यात अर्थ नाही. हे ज्याचं त्याने शिकायचं काम आहे, आणि माझ्या मते याच कारणासाठी ते शाळेत, आठवी-नववीच्या कार्यानुभवात असायला हवं. कार्डबोर्डची पवनचक्की बनवण्यापेक्षा मेळ्यातला बंद गेम, एक मीटर आणि एक सोल्डरिंग मुलांना जास्त शिकवेल.

मावसबहिणीच्या गेमबॉयबरोबर पोकेमॉन ब्लूचं कार्ट्रिजही होतं. या कार्ट्रिजमध्ये आतच एक नाण्याएवढा सेल असतो. खेळ कुठवर आला ते ज्या मेमरीत साठतं, ती मेमरी या सेलवर जागी राहते. सेल संपला की सगळं पुसलं जातं. पुढच्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून त्यांचे सेल लवकर संपतात. ब्लूचे मात्र पंचवीस वर्षांनंतरही जिवंत सापडतात. सेल बदलायचा तर कार्ट्रिजचा विशिष्ट स्क्रू काढावा लागतो. त्याला ३.८ मिलिमीटरचा खास पेचकस लागतो; काही जण बॉलपेनचं टोक तापवून स्क्रूवर दाबतात आणि त्याचाच पेचकस करतात. मूळ सेलला पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, म्हणून पट्ट्या लावलेलाच नवा सेल आणायचा. साध्या सेलवर थेट सोल्डरिंग टेकवलं तर तो तापून फुटू शकतो. आणि जुना काढला त्या क्षणी आत साठवलेलं सगळं जातं, हे मालकाला आधी सांगायचं.

रेघा परत आल्यावर मी कार्ट्रिज घातलं आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. नाव पूर्ण उतरलं, टिंग वाजलं. पुढे 'कंटिन्यू'चा चौकोन उघडला: खेळाडूचं नाव म्हणून तिचं माहेरचं लाडकं नाव, खाली बॅज, खाली खेळलेला वेळ. सेल जिवंत होता. तिला ते दिसेपर्यंत मी पडदा दिव्याखाली तिरका धरून होतो.

"थांब, थांब, बॅज किती आहेत?"

"तीन."

"आठातले तीन? पूर्ण उन्हाळाभर मावशीच्या शिव्या खाऊन मी तीनच बॅज मिळवले?" मग मागे वळून तिने मुलाला हाक मारली, त्याला पडदा दाखवला, तो काहीतरी इंग्रजीत हसला. "अरे, बदलून टाक तो सेल. आता हा नव्याने खेळेल."

मी म्हटलं, ताई, एकदा काढला की परत येणार नाही, कार्ट्रिज वाचणारं यंत्र मिळालं तर आधी उतरवून ठेवू का? ती म्हणाली, तीन बॅजसाठी कसलं यंत्र आणतोस, त्यापेक्षा दिवाळीच्या फराळाच्या पार्सलात पाठव सगळं, आणि सेलवर तारीख लिही. पट्ट्या लावलेला सेल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलाय.